‘देव बघून घेईल’ म्हणू नका

देव बघून घेईल. हे वाक्य आपल्याकडे कुठे ऐकू येतं ते एकदा नीट पाहा. पोलीस ठाण्याच्या पायरीवर ऐकू येतं. भावकीत कुणाचा हिस्सा गिळला गेला की चावडीवर ऐकू येतं. सासरच्यांनी मारहाण करून माहेरी धाडलेल्या मुलीभोवती नातेवाईक जमतात, तिथे तर हमखास. आणि ते म्हणतं कोण? ज्याच्यावर अन्याय झाला तो आधी म्हणत नाही. त्याला आज आणि इथेच काहीतरी व्हायला हवं असतं. म्हणतात ते भोवतालचे. ज्यांनी पाहिलेलं असतं, ज्यांना सगळं ठाऊक असतं आणि ज्यांना बोलायचं नसतं, ते.

माझं भांडण या वाक्याशी आहे. देव मानणाऱ्यांशी नाही. मेल्यावर कुणापुढे तरी उभं राहून जाब द्यायचा आहे, ही जाणीव मी खुळी मानत नाही. तिच्या धाकाने कितीतरी माणसं मापात मारत नाहीत, विधवेच्या बांधावर नांगर घालत नाहीत, सापडलेलं पाकीट परत करतात. चित्रगुप्ताच्या वहीतलं आपलं पान ओळखून वागणारा माणूस शेजारी असावा असंच कुणालाही वाटेल. बिघडतं ते ही वही दुसऱ्याच्या नावाने उघडली की. ‘त्याच्या पापाची फळं’, ‘तिच्या कर्माचे भोग’, ‘वरचा त्याला सोडणार नाही’. यातल्या एकाही वाक्यात बोलणाऱ्याचं स्वतःचं पाप नसतं.

देवाचा न्याय आपल्या पूर्वजांनी खरोखरच कचेरीत आणून पाहिला होता. मराठेशाहीत पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी अशा वतनांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. गोतसभा बसे, महजर होई, साक्षीदार बेचाळीस पूर्वजांची आण घेऊन बोलत. एवढ्यानेही निवाडा झाला नाही तर दिव्य, म्हणजे देवाला साक्षी ठेवून घेतलेली कसोटी. त्यातलं रवादिव्य असं असे: कढईत तेल-तूप उकळायचं आणि त्यात धातूचा तुकडा टाकायचा, तो रवा. दिव्य करणाऱ्याची नखं काढायची, हात धुवायचा. दाव्याचा मजकूर लिहिलेला कागद त्याच्या कपाळाला बांधायचा. मग देवासमोर, सगळ्या गोतासमोर, त्याने उकळत्या तेलात हात घालून रवा बाहेर काढायचा. हाताला पिशवी बांधून वर मोहर करायची. एक-दोन दिवसांनी पिशवी उघडून बघायचं. भाजला तर खोटा, न भाजला तर खरा. जिंकणारा सरकारात हरकी भरी. हरणारा गुन्हेगारी म्हणजे दंड भरी आणि आपला दावा खोटा ठरल्याचं येजितखत लिहून देई.

उकळतं तेल खरं-खोटं पाहून भाजत नाही. कातडी किती राठ, तेल किती तापलेलं, हात किती चपळाईने बाहेर आला, यावर पाटीलकी ठरत होती. एवढं म्हणायला आज धाडस लागत नाही. पण त्या माणसांना मूर्ख ठरवून पुढे जाणाऱ्या बुद्धिवाद्याला मी इथे थांबवीन. दिव्याचा नियम काय होता ते आधी बघा. याज्ञवल्क्य स्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्यं सांगितली आहेत, आणि तिथेच अट घातली आहे: लेखी कागद, वहिवाट आणि साक्षीदार ही प्रमाणं पहिली. यातलं काहीच हाती नसेल तर दिव्य. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. त्यानेही हा क्रम मोडला नाही. ही सगळी देव मानणारी माणसं. तरी देवाची साक्ष त्यांनी सर्वांत शेवटी ठेवली. आधी कागद बघा, जमीन कोण कसतंय ते बघा, शेजाऱ्याला विचारा. माणसाने करायचं ते करून झालं, तरच वरच्याला हाक.

आज आपण हा क्रम उलटा केला आहे. कागद बघायच्या आधी देव. शेजाऱ्याला विचारायच्या आधी देव. आणि बहुतेक वेळा तो शेजारीच म्हणत असतो, देव बघून घेईल.

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आठवा. धर्मशास्त्र कोळून प्यालेला माणूस, परलोकावर आणि कर्मफळावर पूर्ण विश्वास असलेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संशय साक्षात चुलत्यावर, राघोबांवर, आणि सत्ता त्यांच्याच हाती. राघोबांचा हिशोब परमेश्वर करील असं म्हणून गप्प बसणं शास्त्रीबोवांना सोपं होतं. पद टिकलं असतं, मानमरातब टिकला असता. त्यांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडलं. अडीचशे वर्षं महाराष्ट्र त्यांचं नाव घेतो ते याच एका गोष्टीसाठी.

कायद्याने शिकायला किती वेळ घेतला तेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजांच्या १८७३ च्या शपथ कायद्यात एक सोय होती. समोरच्याने अमुक देवळात, अमुक पद्धतीची शपथ घेऊन सांगावं, तो सांगेल ते मला मान्य, असं एक पक्ष म्हणू शके. समोरच्याने तशी शपथ घेतली की त्याचं सांगणं निर्णायक पुरावा ठरे. उकळतं तेल गेलं होतं, गाभारा उरला होता. १९६९ च्या कायद्याने ही सोय काढली. आता साक्षीदार ईश्वराची शपथ घेवो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करो, खोटी साक्ष दिली तर दोघांनाही सारखीच शिक्षा, सात वर्षांपर्यंत तुरुंग. आस्तिक आणि नास्तिक यांच्यात मला कुठेही इतका सरळ समेट दिसलेला नाही.

पण लोकांच्या मनातलं कोर्ट कायद्याने बदलत नाही. तिथे मोठी माणसंही चुकतात. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ भूकंपाने हादरले. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा उद्ध्वस्त झालं, दहा हजारांहून अधिक माणसं मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध दक्षिणेत दौरा करत होते. ते म्हणाले, हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेला दंड आहे. हेतू केवढा मोठा! तरी रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना विरोध केला. रवींद्रनाथ काही नास्तिक नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की भौतिक उत्पाताला भौतिक कारणंच असतात. आणि दुसरा मुद्दा त्याहून बोचरा होता: हाच न्याय लावला तर तुमचे विरोधकही म्हणतील, भूकंप तुमच्याच पापामुळे झाला. सनातनी मंडळी तसं म्हणतच होती, मंदिरं उघडायला निघालात म्हणून धरणी कोपली. गांधीजींनी रवींद्रनाथांचं निवेदन आपल्या ‘हरिजन’मध्येच छापलं आणि उत्तरही दिलं, पण मत बदललं नाही. त्यांचा मनाचा मोठेपणा मान्य. या वादात बरोबर होते रवींद्रनाथ. देवाच्या तोंडी निकाल घालायचा एकदा परवाना दिला की तो तुमच्या शत्रूच्याही खिशात जातो. आणि दरभंग्यात दबून मेलेल्या मुलाचा अस्पृश्यतेत काय वाटा होता, हा प्रश्न उरतोच.

किल्लारीच्या भूकंपाकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत ज्यांनी देवाची सेवा केली तीच गेली, हजारोंनी. ‘पाप वाढलं’ म्हणणारे अशा वेळी निघतातच. माणसं मारली कुणी? दगडमातीच्या जाडजूड भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या माळवदाने. तोच धक्का हलक्या, बांधून घेतलेल्या घरांना बसता तर बहुतेक जण सकाळी उठून बाहेर आले असते. ‘देवाचा कोप’ म्हटलं की भिंतीचा विषय संपतो. भिंतीचा विषय काढला की पुढचं घर वेगळं बांधता येतं. पुनर्वसनात तशी घरं बांधली गेली, ती भिंतीबद्दल बोलणाऱ्यांमुळे.

गेल्या जन्माचं पाप हा याच वाक्याचा सर्वांत क्रूर प्रकार. इथे तर आरोपीला गुन्हाही आठवत नाही, पुरावाही मागता येत नाही, आणि शिक्षा मात्र जन्मभर. लाहोरच्या तुरुंगात १९३० साली भगतसिंगांनी ‘मी नास्तिक का आहे’ हा लेख लिहिला तेव्हा त्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. गरिबी ही पूर्वजन्मीची शिक्षा, ही कल्पना ज्यांच्या हाती सत्ता आणि संपत्ती आहे त्यांच्या सोयीची आहे, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. सर्वशक्तिमान देव गुन्हा घडतानाच हात का धरत नाही, हेही विचारलं. फास समोर दिसत असताना, मरणानंतर काहीही नाही हे गृहीत धरून. २३ मार्च १९३१ रोजी ते गेले. वय तेवीस. वरच्या कोर्टात बक्षीस मिळेल म्हणून ते मेले नाहीत, हे त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी एकदा वाचावं.

जोतीराव फुले निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत होते. तरी जन्मावरून पाप-पुण्य ठरवणारा हिशोब त्यांनी झुगारला. म्हणजे या प्रश्नावर आस्तिक एका बाजूला आणि नास्तिक दुसऱ्या बाजूला, असं चित्रच मुळात चुकीचं आहे. बाजू दोनच: अन्याय दिसल्यावर उठणारे आणि वर बोट दाखवून बसून राहणारे.

उठणाऱ्यांतले दोघे महाराष्ट्रात एकाच टेबलाशी बसून गेले. साने गुरुजी पराकोटीचे श्रद्धावान, देवाच्या नावाने डोळे भरून येणारे. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात दलितांना प्रवेश नव्हता. गुरुजी म्हणाले नाहीत की पांडुरंगाच्या मनात असेल तेव्हा दार उघडेल. गावोगाव हिंडून त्यांनी आधी लोकमत जागं केलं आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले. दहा दिवसांत दार उघडायचं ठरलं. १९४८ साली त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढलं. त्याच ‘साधना’चे संपादक पुढे पंधरा वर्षं होते डॉ. नरेंद्र दाभोलकर, अंधश्रद्धा निर्मूलनाला आयुष्य दिलेला माणूस. एकाची देवावर निस्सीम श्रद्धा, दुसऱ्याचा भर पुराव्यावर. देवाच्या नावाने होणारी लूट आणि हिंसा थांबली पाहिजे, यावर दोघांत तसूभर अंतर नव्हतं. विरोध देवाला नसून शोषणाला आहे, हे दाभोलकर गावोगावच्या सभांत थकेपर्यंत सांगत राहिले.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, त्यांना गोळ्या घातल्या. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी. त्यानंतर ‘जसं कर्म तसं फळ’ अशा अर्थाचा मजकूर छापून आलेलाही या महाराष्ट्राने वाचला. तसं लिहिणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: धर्माचा अपमान करणाऱ्याला देव शिक्षा करतो हा तुमचा विश्वास खरा असेल, तर पिस्तूल कशाला लागलं? देवाने निकाल द्यायची वाट का पाहवली नाही? दाभोलकर सत्तरीकडे झुकले होते. ज्याचा खरोखर वरच्या न्यायावर भरवसा असतो तो सकाळी दबा धरून बसत नाही. गोळी घालणारा मनातून देवावर अविश्वास ठेवणारा असतो, आणि त्याला धर्मवीर म्हणणारेही तसेच. जुन्या गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन चाललं. तिथेही येशूच्या नावाने माणसंच माणसांना जाळत होती. देवाच्या खुर्चीत बसायची हौस कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही.

दाभोलकरांच्या खुनाचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं. जवळपास अकरा वर्षं. दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप, तिघांची सुटका. कटामागे कोण होतं ते समोर आलंच नाही.

आता संशयवादी मित्रांकडे वळतो, कारण त्यांनाही मोकळं सोडायचं नाही. यमदूत, कढया, वैतरणी यांची टिंगल करणं फार स्वस्त आहे. गरुडपुराण लागलेल्या घरात, दहाव्याला कावळ्याची वाट बघत बसलेल्या माणसांसमोर, ज्ञान पाजळणं त्याहून स्वस्त. तुमच्या मताचा पुढचा अर्थ तुम्ही घेतला आहे का? वर कोर्ट नाही, हे मी मानतो. मग इथे सुटलेला खुनी कायमचा सुटला. श्रद्धावानाच्या लेखी त्याला फक्त पुढची तारीख मिळाली आहे. तुमच्या-माझ्या लेखी खटला संपला. मेलेल्याला न्याय मिळायची एकच जागा होती, ती जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत होती, आणि ती संधी गेली. हे ओझं भयंकर आहे. ते खरोखर खांद्यावर घेतलं तर संशयवाद्याने त्या इमारतीत सगळ्यांच्या आधी हजर असायला हवं. तो तिथे दिसतो का?

गोपाळ गणेश आगरकर दिसले असते. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, दमा पाठ सोडत नव्हता, चाळिशीही न गाठता १८९५ साली ते गेले. देवाकडे दाद मागायची वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती. म्हणून तर आपल्या ‘सुधारक’ पत्रात ते आठवड्यामागून आठवडे माणसांकडे दाद मागत राहिले. बालविवाह, केशवपन, स्त्रियांना नाकारलेलं शिक्षण, एकेक अन्याय नाव घेऊन. नास्तिकाने कसं जगावं याचा इतका स्वच्छ नमुना आपल्याकडे असताना नुसत्या टिंगलीवर समाधान मानू नका.

आणि धर्मग्रंथ मानणाऱ्यांनी आपला ग्रंथ तरी नीट वाचावा. मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे विचारलं जातं ते भुकेल्याला खायला दिलंस का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का. कुराणातही कणभर भलाई आणि कणभर बुराई ज्याची त्याला दाखवली जाईल असं आहे. चित्रगुप्ताची नोंदही ज्याची त्याच्याच नावे. ‘तू किती जणांना पापी ठरवलंस’ हा प्रश्न कुठल्याच दरबारात नाही. गप्प का बसलास, हा मात्र निघू शकतो.

गप्प बसण्याची किंमत खर्ड्याने पाहिली. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या गावात सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं. सवर्ण मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा. दिवसाउजेडी, शाळेच्या आवारातून मारत नेल्याचं प्रकरण. महाराष्ट्र हादरला, पुढारी येऊन गेले. खटला उभा राहिला तेव्हा एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन, आपण काही पाहिलं नाही असं सांगणारी ही माणसं घरी जाऊन देवाला दिवा लावत नसतील का? शपथ घेताना ज्याचं नाव घेतलं त्याच्याच समोर? मराठेशाहीतला साक्षीदार बेचाळीस पूर्वजांच्या धाकाने कापत तरी होता.

अशा खटल्यानंतर एखादी आई म्हणते, देव बघून घेईल. तिच्याशी वाद घालू नका. तिचं ते वाक्य शेवटचं आहे, कारण बाकी सगळ्यांनी आपापलं अंग काढून घेतलं आहे. तिला ते म्हणायची पाळी आणली ती आपण. तेच वाक्य आपण तिच्या आधी म्हणणं हा गुन्ह्यातला सहभाग आहे, आणि मी तो सहभागच म्हणेन.

तेव्हा देव माना किंवा न माना, एवढं करा. डोळ्यांदेखत काही घडलं तर नाव लपवू नका. समन्स आलं तर तारखेला जा. पाहिलं ते पाहिलं तसं सांगा, आणि उलटतपासणीत वकिलाने कितीही उलटंसुलटं विचारलं तरी त्यावर ठाम राहा. धमकी आली तर गप्प बसू नका: सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर करून देशभर लागू केली, तिच्याखाली गंभीर गुन्ह्यांच्या साक्षीदारांना प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षणासाठी अर्ज करता येतो.